दहापैकी शून्य

माझी थोरली बहीण चष्म्याची भिंगं घासायची. बाजारामागच्या गल्लीत एक चष्म्याचं दुकान आहे. पुढे काचेच्या कपाटात फ्रेमा झगमगतात, आणि मागे एका अरुंद खोलीत ताई सव्वीस वर्षं चाकासमोर उभी राहिली. चाकावर सतत पाण्याची धार पडत असते. गोल भिंग चिमटीत धरायचं, चाकाला टेकवायचं आणि फिरवत फिरवत फ्रेमच्या मापाचं करायचं. केसभर जास्त घासलं तर भिंग फ्रेममधून गळून पडतं, केसभर कमी घासलं तर बसवताना तडकतं. नवं मशीन आल्यावरही जाड, अवघड भिंगं मालक तिच्याचकडे द्यायचा.

तोंडाने फटकळ. गिऱ्हाईकाने मागे डोकावून "अजून किती वेळ?" विचारलं की म्हणायची, "डोळे तुमचेच आहेत ना? मग थांबा." लग्न केलं नाही. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि ती वीस. तेव्हापासून माझं शिक्षण, आजारपण, लग्न, सगळं तिनंच निस्तरलं. हे मी तिचं कौतुक म्हणून सांगत नाहीये. पुढचं ऐकलंत की तुम्हीच म्हणाल, ह्या माणसाला जोड्याने मारायला हवं. मारा, पण आधी ऐकून घ्या.

मी मोटार परवान्याच्या कचेरीत खिडकीवर बसतो. वीस वर्षं समोरच्याला "फॉर्म चुकलाय, परत भरून आणा" म्हणतोय. ह्या खुर्चीचा एक गुण अंगात मुरतो, चूक कधी आपली नसतेच. ताई मला साहेब म्हणते. "साहेब, जेवलात का? की तिथेही फॉर्म चुकला?"

चाळिशी ओलांडली आणि माझ्या दोन्ही किडन्यांनी राम म्हटला. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनला जोडून घेऊन पडायचं. एक दिवस ताई भेटायला आली, नळीतून फिरणाऱ्या माझ्या रक्ताकडे बघत बसली आणि म्हणाली, "हे काय जगणं आहे होय? माझी एक घे. मला दोन कशाला लागतात?" शेजाऱ्याला छत्री द्यावी तसं म्हणाली. तपासण्या झाल्या, सगळं जुळलं. मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हा गप्प बसलो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी ताईच्या खाटेपाशी एक संशोधक बाई आली. ताईने आधी तिच्या नाकाकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमचा चष्मा वाकडा बसवलाय कुणीतरी." बाई हसली आणि खुर्ची ओढून बसली. ऑपरेशननंतर बहुतेकांची जखम भरते आणि दुखणं थांबतं, पण काहींचं थांबतच नाही. महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं. जखम बाहेरून छान दिसते, म्हणून त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. असं का होतं, ते त्यांना शोधायचं होतं. "आम्हाला वाटतं, कापताना दुखावलेली एखादी नस नंतरही गप्प बसत नाही. आणि काही जणांच्या रक्तातल्या पेशी जखम भरली तरी भांडत राहतात. आधी निरोगी असलेल्या माणसाचं आधीचं आणि नंतरचं रक्त मिळालं, तर आम्हाला फरक दिसेल. किडनी देणारी माणसं निरोगीच असतात, म्हणून तुमच्याकडे आले. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी रक्त घेऊ आणि फोन करून फक्त एक आकडा विचारू. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही."

"घ्या की," ताई म्हणाली. "किडनी चाललीय, चार थेंब रक्ताचं काय घेऊन बसलात?"

फॉर्म मीच भरला. आमच्या घरात फॉर्म मीच भरतो. फोन नंबराच्या रकान्यात माझा नंबर लिहिला. त्यात डाव काही नव्हता. गॅसपासून बँकेपर्यंत ताईच्या प्रत्येक कागदावर माझाच नंबर आहे. तिचा फोन दिवसभर दुकानातल्या कपाटात पडलेला असतो, हात ओले असतात, आणि अनोळखी नंबर ती उचलतच नाही. ताईने न वाचताच सही केली.

ऑपरेशन उत्तम झालं. तिची किडनी माझ्या पोटात गेली आणि पहिल्याच दिवशी कामाला लागली. महिन्याभरात माझ्या गालांवर रंग आला. मी पोटभर पाणी प्यायला लागलो. दोन वर्षं मोजून घोट घेतलेल्या माणसाला विचारा, पेलाभर पाणी म्हणजे काय असतं.

ताई सहाव्या आठवड्यात कामावर गेली आणि आठवड्याभरात म्हणाली, "अरे, अजून दुखतंय. बरगडीखाली. कपडा नुसता घासला तरी आग होते बघ." दुकानात पाण्याचे शिंतोडे उडतात म्हणून ती कमरेला जाड एप्रन बांधते, आणि त्याची नाडी बरोब्बर त्या व्रणावर यायची. मी म्हणालो, "ताई, एवढं कापलंय, दुखणारच. वेळ लागतो." तिनं नाडी वर छातीशी बांधून बघितली, खाली बांधून बघितली, मग एप्रन सोडूनच दिला आणि दिवसभर ओल्या कपड्यांत उभी राहू लागली. डाव्या कुशीवर झोपणं बंद झालं. बसमध्ये उभ्यानेच यायची, कारण बसलं की शेजाऱ्याचं कोपर लागायचं. हे सगळं मला माहीत होतं. मला माहीतच नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

तीन महिन्यांनी फोन आला. मी कचेरीत होतो. दुपारचा चहा आला होता आणि सगळे माझ्या टेबलाभोवती जमले होते. कोण म्हणत होतं, काय तजेला आलाय चेहऱ्यावर, कोण म्हणत होतं, बहीण असावी तर अशी. तेवढ्यात एका मुलीचा आवाज, "संशोधन विभागातून बोलतेय. त्यांना आता किती दुखतं? शून्य ते दहामध्ये सांगा."

मी घसा खाकरला. "शून्य," म्हणालो. "एकदम ठणठणीत आहे."

का म्हणालो? शंभर कारणं सांगता येतील. समोर माणसं होती. ताईचं दुखणं हळूहळू जाईलच, असं वाटलं होतं. पण खरं सांगू? ती सहा म्हणाली असती, सात म्हणाली असती, तर तो आकडा माझ्या पोटात येऊन बसला असता. मला नुकतंच कुठे बरं वाटायला लागलं होतं. मला ते बरं वाटणं निर्भेळ हवं होतं. बस, एवढंच कारण होतं.

त्या मुलीने म्हटलं, "पेशंट स्वतः बोलतील का?" मी म्हणालो, "ती कामावर आहे. कामावर आहे म्हणजे बघा ना, किती बरी आहे." ती हसली आणि थँक्यू म्हणाली.

रक्त द्यायला मी ताईला घेऊन गेलो. तिथे सुई टोचणारा माणूस फक्त सुई टोचतो, विचारत काही नाही. ताईला वाटलं, झालं, नोंद झाली आपली. सहा महिन्यांनी पुन्हा फोन आला. ह्या वेळी भोवती कुणी नव्हतं. जिन्यात एकटाच उभा होतो. तरी शून्यच म्हणालो. पहिल्यांदा शून्य सांगितलेलं, आता आठ कसं सांगणार? मग विचारतील ना, तेव्हा का नाही सांगितलंत?

तोवर ताईची भिंगं फुटायला लागली होती. घासताना मध्येच बरगडीखाली कळ यायची, हात हलायचा, आणि भिंग चाकाला चाटून जायचं. आठवड्यात तीन फुटली, मग पाच. मालकाने तिला पुढे काउंटरवर बसवलं. तिथे तिचं गिऱ्हाइकांशी जमेना. एका बाईला म्हणाली, "ही फ्रेम तुमच्या तोंडाला शोभत नाही, आणि खोटं बोलायला मला वेळ नाही." दुसऱ्या आठवड्यात मालकाने हात जोडून तिला घरी पाठवलं. सव्वीस वर्षांनी. ताई माझ्याकडे आली, दारातच म्हणाली, "सुटले बाई एकदाची," आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. माझ्या बायकोने मला विचारलं, "तुम्ही त्यांना नीट डॉक्टरकडे का नेत नाही?" मी तिच्यावर खेकसलो.

वर्ष झालं तेव्हा ताई स्वतःच म्हणाली, "चल, मला त्या सर्जनला दाखवायचंय." मी बरोबर गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? सर्जनने व्रण बघितला आणि स्वतःच्याच कामावर खूश झाला. मग पडद्यावरची नोंद वाचली. "तीन महिन्यांनी शून्य, सहा महिन्यांनी शून्य. मग हे आत्ताच कुठून उपटलं? ऑपरेशनचं दुखणं असं वर्षाने सुरू होत नाही, बाई. घरी ताणतणाव? नोकरी सुटली म्हणताय. बघा, आपलं मन फार हुशार असतं." आणि त्याने मनोविकाराच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली.

"पण मला विचारलंच नाही कुणी," ताई म्हणाली. "कुणी म्हणजे कुणी नाही."

"फोन केलाय, बाई. नोंद आहे."

ताई उठली ती तडक तळमजल्यावरच्या संशोधन विभागात. मी मागे पळतोय, "ताई, राहू दे, घरी चल, ताई." तिथे एका टेबलाशी कानाला हेडफोन लावून एक पोरगी बसली होती. ताईने तिला धारेवर धरलं. "खोट्या नोंदी करता? लाज वाटत नाही? कुणाला फोन केलात सांगा. भुताला केलात?" बिचारी पोरगी पांढरीफटक पडली. कागद काढला आणि नंबर एकेक आकडा करून मोठ्याने वाचून दाखवला.

ताईला माझा नंबर पाठ आहे. शेवटचे दोन आकडे ती पोरगी वाचायच्या आधीच ताईने म्हटले.

मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "दोन्ही वेळा?" मी मान हलवली. ती बाकावर जाऊन बसली, एका कुशीवर भार देऊन.

आवाज ऐकून संशोधक बाई बाहेर आली. सगळं कळल्यावर तिनं ताईला आत नेलं आणि मलाही बसवलं. तिच्याकडे नायलॉनच्या धाग्यांचा एक संच होता, सगळ्यात बारीक धागा इतका तलम की माझ्या हाताला लावला तर मला समजलासुद्धा नाही. तोच धागा तिनं ताईच्या व्रणाशेजारी नुसता टेकवला. ताई खुर्चीतून ताडकन उडाली आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की बाहेरची पोरगी धावत आली.

संशोधक बाई माझ्याकडे बघून बोलली. तिनं आवाज चढवला नाही, आणि त्याचंच मला भय वाटलं. "आमच्याकडे न दुखणाऱ्यांचा एक गट आहे आणि दुखणाऱ्यांचा एक. तुमच्या बहिणीचं रक्त आम्ही न दुखणाऱ्यांत धरलं. त्या रक्तात दुखणाऱ्यांच्या सगळ्या खुणा होत्या. तिला दुखत नाही आणि खुणा तर आहेत, म्हणजे आमचाच अंदाज चुकला, असं समजून आम्ही चार महिने आपलीच तपासणी उलटसुलट केली. माझ्या हाताखालची दोघं सोडून गेली. आणि तुमच्या बहिणीला तेव्हाच उपचाराच्या गटात घेता आलं असतं. नस शोधून तिथेच इंजेक्शन देतो आम्ही. बारा जणांना घेतलं. त्यातल्या सात जणांचं दुखणं निम्म्यावर आलंय."

"मग आता घ्या," मी म्हणालो. "चूक झाली माझी." आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो असेन.

बारापैकी एक जण गाव सोडून गेला होता, म्हणून एक जागा होती. पण अट होती. सलग एकवीस दिवस रोज फोन करून आकडा विचारणार, आणि एकवीसही दिवस दुखणं असल्याची नोंद व्हायला हवी. "आणि आता फोन त्यांच्याच नंबरवर," बाई म्हणाली. "उत्तर त्यांनीच द्यायचं. नवरा, भाऊ, मुलगा, कुणाचंच चालणार नाही. तुमच्यामुळेच आजपासून हा नियम करतोय आम्ही."

पहिला फोन आला तेव्हा मी ताईकडेच होतो. कचेरीत जायच्या आधी रोज तिच्याकडे डोकवायला लागलो होतो. फळं न्यायचो, खिडक्या पुसायचो, नको ते बडबडायचो. ती मला ये म्हणायची नाही, जा म्हणायची नाही. साहेब म्हणणंही बंद केलं होतं. साडेनऊला फोन वाजला की ती स्पीकर लावायची, माझ्या डोळ्यांत बघायची आणि सांगायची, "आठ." दुसऱ्या दिवशी, "आठ." तिसऱ्या दिवशी, "नऊ." मी तोवर तिच्या खिडकीची एकच काच तीनतीनदा पुसायचो.

चौदाव्या दिवशी माझं डोकं फिरलं. त्या दिवशी माझ्या रक्ताचा रिपोर्ट थोडा बिघडून आला होता. ती किडनी नाकारली जातेय की काय, ह्या धसक्याने मी झोपलो नव्हतो. साडेनऊला फोन वाजला. ताईने स्पीकर लावला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आठ."

"अगं, कळलं!" मी ओरडलो. "कळलं आठ! मला ऐकवायलाच सांगतेस ना एवढ्या मोठ्याने? एक किडनी दिलीस म्हणून काय जन्मभर ऐकवणार आहेस का?"

फोनवरच्या पोरीनेही ऐकलं असणार, कारण ती "बरं, उद्या बोलू" म्हणून घाईघाईने गेली. ताईने फोन टेबलावर पालथा ठेवला. चेहऱ्यावर रागही नव्हता. मी पाया पडलो, अक्षरशः पडलो, माझ्या तोंडाला आग लागो म्हणालो. ती म्हणाली, "ऊठ. कचेरीला उशीर होईल तुला."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला फोन वाजला. ताईने स्पीकर लावला. माझ्याकडे बघितलं.

"शून्य," ती म्हणाली.

पोरगी गडबडली. "काल आठ होतं ना, मावशी?"

"काल होतं. आज नाही. शून्य लिहा."

फोन बंद झाल्यावर मी तिचे हात धरले. "ताई, असं करू नकोस. आत्ता फोन करून आठ सांग, सहाच दिवस राहिलेत गं. इंजेक्शन मिळेल. तू परत चाकावर उभी राहशील. माझ्यावर राग काढ, मला हाकलून दे, पण हे करू नकोस."

तिनं हात सोडवून घेतले. "तुला शून्य हवं होतं ना? घे. दोनदा मागितलंस, मी तेव्हा दिलं नव्हतं. आता देते."

"तुझंच नुकसान आहे त्यात!"

"माझं नुकसान तू कधीपासून मोजायला लागलास?"

तेवढं बोलून ती उठली. उठताना टेबलाचा कोपरा तिच्या कुशीला लागला, ती तिथेच वाकली, आणि दात आवळून सरळ झाली. मी धरायला गेलो तर म्हणाली, "हात लावायचा नाही." सोळाव्या दिवशी तिनं मला दार उघडलं नाही. मी दाराला कान लावून उभा राहिलो. आतून फोनची रिंग ऐकू आली, आणि मग तिचा आवाज, स्वच्छ, खणखणीत. शून्य. सतराव्या दिवशी शून्य. अठराव्या दिवशीही.

त्या दिवशी दुपारी मी खिडकीवर बसलो असताना माझा फोन वाजला. संशोधक बाई होती. "तुमची बहीण गेले चार दिवस शून्य सांगतेय. मला खरं वाटत नाही. तिच्या रक्तातल्या खुणा तशाच आहेत. काय चाललंय?"

खिडकीबाहेर रांग उभी होती. मी उठून उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "बाई, तिला दुखतं. खूप दुखतं. टेबलाचा कोपरा लागला तर वाकते. ओल्या कपड्यांत काम करायची, एप्रन बांधता यायचा नाही म्हणून. झोप नाही तिला. आठ लिहा. नऊ लिहा. मी भाऊ आहे तिचा, मी सांगतोय ना, शपथेवर सांगतो."

रांगेतल्या पहिल्याने पुढे केलेला फॉर्म मागे घेतला.

"माझा विश्वास आहे तुमच्यावर," बाई म्हणाली. "पण आम्ही आता फक्त पेशंटचंच ऐकतो. माफ करा. ती जागा मी उद्या दुसऱ्याला देतेय."